आठ गुणांची गाडी

'छंद' या मालिकेसाठी मला बोलावलं, तेव्हा मी कवितेवरच बोलेन अशी निर्मात्यांची अपेक्षा असावी. पण कविता हा माझा छंद नाही, ती माझी खोड आहे. आज मी बोलणार आहे ते माझ्या मामूंच्या छंदाबद्दल. मामू इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात राहत आणि घराच्या गॅरेजमध्ये एक जुनी स्पोर्ट्स कार सांभाळत. ट्रायम्फ स्पिटफायर, १९६९ सालची. दोन माणसं बसतील एवढीच. छप्पर दुमडलं की उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर येणारी.

खेडसारख्या कोकणातल्या गावाहून गेलेल्या माणसाचा इंग्रजी स्पोर्ट्स कारशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांचाही असेल. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना स्टँडर्ड हेरल्ड आठवते का पाहा. १९६१ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या डॉक्टरांकडे एक होती. तिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं काचेकडून वर होत नसे. दिवे, मडगार्ड यांच्यासकट गाडीचं सगळं तोंडच पुढे कलायचं आणि आतलं इंजिन, चाकं, स्टिअरिंगचे दांडे उघडे पडायचे. गाडी बिघडली की आम्ही पोरं भोवती गोळा व्हायचो. डॉक्टर रोग्याला तपासतात तशी गाडीही जबडा उघडून बसलेली असायची.

त्याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून स्पिटफायर बनवली होती. दोन्ही गाड्यांचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेलं. १९६२च्या ऑक्टोबरात लंडनच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि १९८० पर्यंत कॉव्हेंट्रीतल्या कॅनली इथल्या कारखान्यात बनत राहिली. अठरा वर्षांत तीन लाखांहून जास्त गाड्या. आज तिथे कारखाना नाही, कचेऱ्या आणि दुकानं आहेत. एका रस्त्याला मात्र हेरल्ड अॅव्हेन्यू असं नाव आहे.

मामू १९६४ साली, बाविसाव्या वर्षी कॉव्हेंट्रीला गेले. एका ओतशाळेत लागले. भट्टीसमोरचं काम, रात्रपाळी. सकाळी बसच्या रांगेत उभे असताना नव्याकोऱ्या स्पिटफायर लादलेले ट्रक समोरून जायचे. लाल, पांढऱ्या, निळ्या. "भट्टीतला लाल रंग रात्रभर बघितलेला असायचा," मामू सांगायचे, "पण सकाळी तो लाल रंग बघितला की डोळे निवायचे." पगारातली मोठी रक्कम खेडला आजीकडे जायची, उरलेल्यात खोलीचं भाडं. गाडीचा विचारसुद्धा चैनीचा होता. तो विचार त्यांनी एकोणतीस वर्षं सांभाळला. १९९३ साली, ओतशाळा सुटल्यावर, कुणाच्या तरी परसात ताडपत्रीखाली सडत पडलेली एक स्पिटफायर त्यांनी साडेचारशे पौंडांना घेतली. मुमानी दोन दिवस बोलली नाही म्हणतात.

सडत पडलेली हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्याकडे समुद्राचा वारा घराच्या गजांचं जे करतो तेच ते मीठ गाड्यांच्या पत्र्याचं करतं. स्पिटफायरचा सांगाडा म्हणजे मधोमध जाणारा कणा. दोन्ही दारांखाली पत्र्याच्या लांब पेट्या असतात. त्या शोभेच्या नाहीत, गाडीच्या अंगाची ताकद त्यांत असते. त्या सडल्या की गाडी मधे वाकू लागते आणि दारं लागेनाशी होतात. नवशिका माणूस काय करतो, तर सडलेली पेटी कापून काढतो आणि नवी जोडतो. मग बघतो तर दाराची चौकट वाकडी. म्हणून पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या जोडून तिचं माप पक्कं धरून ठेवायचं, नंतरच करवत लावायची. मामूंनी त्यासाठी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी वेल्डिंगच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. सहा वर्षं काम चाललं आणि १९९९ साली गाडी रस्त्यावर आली.

आणि आली ती नेमक्या अडचणीच्या वेळी. त्या वर्षाअखेर ब्रिटनमध्ये शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांत त्या शिशाचा एक थर व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करतो, ते नसलं तर बैठक झिजते. मामूंनी इंजिनाचं डोकं उतरवून त्यात कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी तो बदल मानलाच नाही. बाकी त्यांचा बाणा एकच. कारखान्यातून निघाली तशी ठेवायची. एक नटसुद्धा परका नको.

२०१९च्या जुलैमध्ये मी तीन आठवडे त्यांच्याकडे राहिलो. मामू तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे. मुमानी जाऊन चार वर्षं झाली होती. मामेबहीण, त्यांची उशिरा झालेली एकुलती मुलगी, दातांची डॉक्टर आहे. तिचं घर दोन गल्ल्या सोडून. पहिल्याच सकाळी मामूंनी मला गॅरेजमध्ये नेलं. लाल रंगाची गाडी, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, आणि कोपऱ्यात खेडच्या घरून नेलेला नमाजाचा चटईचा तुकडा. दिवसातला निम्मा वेळ इथेच जातो, मग वर कशाला जायचं, हे त्याचं स्पष्टीकरण.

त्यांनी माझ्या हातात रबराची एक नळी दिली. एक टोक कानाला लावायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. या गाडीला एस. यू. जातीचे दोन कार्बोरेटर आहेत. त्यात एक पिस्टन हवेच्या ओढीने वरखाली होतो, त्याला निमुळती सुई असते, ती जितकी वर तितकं पेट्रोल जास्त. साधं, शहाणं यंत्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी शोधलं. त्यांच्या घरचा धंदा जोड्यांचा होता, आणि पहिल्या नमुन्यात पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही हे नळीतून ऐकायचं. एकाचा 'स्स्' जाड आणि दुसऱ्याचा बारीक असेल तर स्क्रू फिरवून सारखा करायचा. "तू कवी ना? वृत्तबित्त कळतं ना? मग सांग, सारखं आहे का?" मला फरक कळला, तेव्हा मामू इतके खूश झाले की माझ्या कुठल्याही पुस्तकावर झाले नव्हते.

पण दोनतीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की गाडी गॅरेजच्या बाहेर निघत नाही. रोज पुसली जाते, चालू होते, ऐकली जाते आणि बंद होते. आणि चालू असताना मधेच अडखळते. मी विचारलं, तर मामू म्हणाले, "पेट्रोलमध्ये पाणी असेल."

मग ती परीक्षा झाली. या इंजिनांचा एक जुना दोष आहे. क्लच दाबला की इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, पुढे ढकलला जातो. तो जोर सोसायला अर्धचंद्राच्या आकाराचे दोन वायसर असतात, बोटाच्या पेरांएवढे. ते झिजले की खाली तेलाच्या टाकीत गळून पडतात, मग दांडा इंजिनाचं अंगच कुरतडू लागतो. हे आधी ओळखायची रीत सोपी आहे, पण तिला माणसं दोन लागतात. एकाने आत बसून क्लच दाबायचा, सोडायचा. दुसऱ्याने पुढच्या पुलीवर बोट ठेवायचं आणि ती पुढेमागे किती सरकते ते पाहायचं. केसभर सरकली तर चालेल. नजरेला सहज दिसेल इतकी सरकली तर इंजिन उतरवायची वेळ आली. पूर्वी क्लचवर मुमानी बसायची.

मी आत बसलो. मामू पुढे वाकले. "दाब." मी दाबला. "सोड." सोडला. "दाब." असं सातआठ वेळा झालं. मग बराच वेळ आवाज नाही. मी उतरून पुढे गेलो. मामू पुलीवर बोट ठेवून तसेच उभे होते. म्हणाले, "पुली हलते की माझा हात हलतो, तेच कळत नाही रे."

हाताची थरथर वर्षभरापासून होती. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीला दिसत होतं, पण तिनेही विषय काढला नव्हता. गाडी अडखळत होती त्याचं कारणही तेच. या गाडीत ठिणगी पडते ती पॉइंटमुळे, दोन छोट्या तोंडांमधली फट उघडते-मिटते त्यामुळे. ती फट पंधरा हजारांश इंच हवी, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर. पोलादाच्या पातळ पात्याने ती मोजायची आणि स्क्रू आवळताना ढळू द्यायची नाही. वीस वर्षं मामू हे दर काही महिन्यांनी करत आले होते. आता आवळता आवळता पातं निसटायचं. दुसऱ्या कुणाकडून करून घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून गाडी घरात बसली होती, आणि तिच्याबरोबर तेही.

आम्ही जागा बदलल्या. मामू क्लचवर बसले, मी पुलीवर बोट ठेवलं. केसभरच सरकत होती. वायसर शाबूत होते.

त्या रविवारी बहीण एक छोटी डबी घेऊन आली. आत इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच. पॉइंट आणि कन्डेन्सर काढायचे आणि त्याच जागी, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली, हा काळा ठोकळा बसवायचा. फट नाही, झीज नाही, पुन्हा पुन्हा जुळवणं नाही. जुन्या गाड्या खरोखर चालवणारे बरेच लोक हा बदल करतात. बाहेरून कळतसुद्धा नाही.

मामू म्हणाले, "नको. मी करतो ते काम हा ठोकळा करणार. मग मी कशाला?"

बहीण समजावत राहिली, ते ऐकेनात. जेवण अर्ध्यावर राहिलं. मी मधे पडलो नाही, कारण माझं मन मामूंच्या बाजूचं होतं. एकदा एका संपादकांनी माझ्या कवितेतली 'मुमानी' खोडून 'मामी' केली होती. वाचकाला सोपं जावं हा त्यांचा हेतू. कविता चालली, पण त्या कवितेतली बाई माझी कुणी उरली नाही. तेव्हापासून 'एवढासा तर बदल' हे शब्द ऐकले की मी सावध होतो.

आता थोडं नियमांचं सांगतो, कारण पुढचा वाद त्यावरून झाला. जुन्या गाडीत किती बदल केले तर ती जुनीच राहते? हा प्रश्न आपल्याला तत्त्वज्ञानाचा वाटतो, तिकडच्या परिवहन खात्याने त्याला चक्क गुण दिले होते. २०१९ साली नियम असा होता. गाडी मुळापासून बदलली असेल तर तिची ओळख ठरवायला मूळ भाग मोजायचे. सांगाड्याला पाच गुण. सस्पेन्शनला दोन, अॅक्सलना दोन, गिअरबॉक्सकडच्या भागांना दोन, स्टिअरिंगला दोन. आणि इंजिनाला फक्त एक. एकूण चौदा. त्यातले आठ मिळाले आणि सांगाडा बिनबदलाचा असला, तर गाडी तीच, तिचा नंबरही तोच. आपण ज्याला गाडीचं काळीज म्हणतो त्या इंजिनाला एक गुण, हाडांना पाच. रंगाला शून्य. आपल्याकडे २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी नियम आले. त्यात पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी अट आहे. ब्रिटनमधले ते गुणांचे नियम मात्र २०२५च्या ऑगस्टपासून बरेच सैल झाले आहेत. असो.

तर बहिणीने बोटं मोजायला सुरुवात केली. "अब्बा, सांगाडा पाच. अॅक्सल दोन, सात. गिअरबॉक्स, नऊ. स्टिअरिंग, अकरा. इंजिन, बारा."

"सस्पेन्शनचे दोन कुठे गेले?" मी विचारलं.

"ते अब्बांना विचार, भाई."

मामू गप्प. मग तिनेच सांगितलं. या जुन्या स्पिटफायरच्या मागच्या चाकांत एक खोट होती. वळणावर जोरात जाताना घाबरून एकदम अॅक्सिलेटर सोडला, तर बाहेरचं मागचं चाक पायाखाली मुडपल्यासारखं आत दुमडायचं आणि गाडी फिरायची. कारखान्याने १९७० साली ते सुधारलं. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये फक्त खालचा पाटा पक्का धरला आणि वरचे पाटे डुलायला मोकळे ठेवले. पुढे एक जाड दांडा दिला. पुष्कळ लोक आधीच्या गाड्यांतही ही नवी स्प्रिंग घालतात. मामूंनी २००० सालीच घातली होती. मूळपणाचा बाणा बाजूला ठेवून.

"का घातली होती, सांगा ना," बहीण म्हणाली.

"तू शेजारी बसायचीस म्हणून."

"मग आता हा ठोकळा तुमच्यासाठी. माझ्या शेजारी तुम्ही बसणार म्हणून."

मामू उठून गॅरेजमध्ये गेले. अर्ध्या तासाने त्यांनी हाक मारली. त्यांनी अट घातली. एकही भोक पाडायचं नाही, एकही तार कापायची नाही. जे काढू ते जसंच्या तसं परत बसवता आलं पाहिजे. काढलेले पॉइंट, कन्डेन्सर, त्यांचे स्क्रू सगळं बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं, वर चिठ्ठी लावायची आणि डबा गाडीच्या डिकीतच राहील. या छंदातली शहाणी माणसं हाच नियम पाळतात, हे मला नंतर समजलं. बदल करावा, पण पुढच्याला तो मागे घेता यावा असा.

ठोकळा बहिणीने बसवला. दाताच्या फटीत काम करणारा हात, वीस मिनिटांत झालं. मामू शेजारी स्टुलावर बसून एकेक पायरी सांगत होते. गाडी पहिल्या चावीला चालू झाली आणि अडखळली नाही. त्या संध्याकाळी बहीण चालवत होती, मामू शेजारी. तिसरी जागा नसल्यामुळे मी आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा बसने गेलो. आम्ही शहराच्या मध्यावर, कॅथीड्रलपाशी भेटलो. १९४०च्या नोव्हेंबरातल्या बॉम्बफेकीत तिथलं जुनं कॅथीड्रल जळालं. लोकांनी त्याच्या भिंती पाडल्या नाहीत आणि त्यावर खोटं छप्परही चढवलं नाही. भिंती तशाच ठेवून शेजारी नवं बांधलं. तेही १९६२चंच, स्पिटफायर पहिल्यांदा लोकांसमोर आली त्याच सालचं. मामू त्या उघड्या भिंतींमधल्या बाकावर बसले होते. म्हणाले, "ओतशाळेतून सुटलो की इथे येऊन बसायचो. तेव्हा शेजारची इमारत मला परकी वाटायची."

पुढे काही बोलले नाहीत.

मामू २०२२च्या फेब्रुवारीत गेले. मला जाता आलं नाही. गाडी बहिणीकडे आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला. जुन्या गाड्यांत विजेची मोटर बसवून देणाऱ्या कुणीतरी तिला सुचवलं होतं की इंजिन काढून टाका, बॅटऱ्या घाला, धूर नाही, दुरुस्ती नाही. काम नीट करतात म्हणे. "भाई, काय करू?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मी तर बसने गेलेला माणूस." मग विचारलं, "डबा कुठे आहे?"

"डिकीत."

"विजेची मोटर बसवल्यावर काढलेलं सगळं मावेल अशा डब्यात ठेवता येईल का?"

ती हसली. आठवड्याने तिने कळवलं, इंजिन राहू देत आहे. गुण एकच असला तरी असू दे. मात्र पेट्रोलच्या रबरी नळ्या तिने सगळ्या बदलल्या. २०२१ पासून तिकडच्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत असतं आणि ते जुन्या रबराला खातं. तेव्हा नव्या जातीच्या नळ्या आल्या. मूळ नाहीत, पण हव्यात.

या वसंतात तिने मला व्हिडिओवर घेतलं. तिचा मुलगा आता बारा वर्षांचा आहे, त्याचा पाय क्लचपर्यंत पोचतो. तो आत बसला होता, ती पुढे पुलीवर बोट ठेवून वाकली होती, आणि फोन बॅटरीवर टेकवलेला. मी इथे खेडमध्ये ओट्यावर.

"दाब," ती म्हणाली. "सोड. दाब."

मी विचारलं, "हलते का गं?"

"केसभर."

"मग ठीक आहे," मी म्हटलं. माझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)